बिनशिट्टीचं वरण

आमच्या घरी तीन वर्षं वरण पातेल्यात शिजलं. कुकर होता, चांगला पाच लिटरचा. पण तो वरच्या फळीवर आणि त्याची शिट्टी आईच्या शिवणाच्या डब्यात. पाहुण्यांना आई सांगायची, "पातेल्यातल्या वरणाची चवच निराळी." खरं कारण होतं बाबांचा डावा हात.

बाबा मालगाडीचे लोको पायलट. आमचं लहानपण भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत गेलं. बाबा रिटायर झाल्यावर भिलाईतच वैशाली नगरात घर घेतलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या गाडीसमोर एक माणूस आला. बाबांनी शिट्टी दाबून धरली, ब्रेक मारला. पण भरलेली मालगाडी अशी जागच्या जागी थांबत नाही. चौकशी झाली, बाबांचा दोष निघाला नाही. त्यांनी उरलेली नोकरी केली, गळ्यात हार घालून घेतले आणि घरी आले. त्या माणसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त कुठे शिट्टी वाजली, गाडीची असो की कुकरची, की त्यांचा डावा हात आपोआप पुढे झेपावायचा, ब्रेकच्या दांड्यावर. दांडा नसायचा. पाण्याचा ग्लास असायचा, वरणाची वाटी असायची. एकदा तर माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांचा गुडघा होता. बाबांनी तो असा घट्ट धरला, की पाहुण्यांना वाटलं, माणूस फार जिव्हाळ्याचा आहे. लग्न जमलं.

आई म्हणायची, वात आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. हाडं मजबूत झाली आणि हात आणखी जोरात जायला लागला.

आता माझ्याबद्दल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लोक म्हणतात, किती वेळा सांगशील? मी म्हणते, जितक्या पिढ्या कोणी गेलं नाही, निदान तितक्या वेळा तरी सांगू द्या. मानसशास्त्रात बी.ए. केलं, मग समाजकार्यात एम.ए. बाबांनी दोन्ही डिग्र्या फ्रेम करून टीव्हीच्या बरोबर वर लावल्या, म्हणजे क्रिकेट बघायला येणाऱ्याला त्या बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

या डिग्र्यांवर मला एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. नॉर्वे, केनिया आणि भारत असे तीन देश मिळून अभ्यास करत होते की कामावर असताना ज्यांनी मृत्यू डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या मनावर पुढे काय ताण राहतो आणि तो उतरवायचा कसा. नॉर्वेत समुद्रातून माणसं काढणारे बोटवाले, केनियात लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर आणि आमच्याकडे लोको पायलट. नकाशावर तीन ठिपके होते. त्यातला एक भिलाई. सेक्टर 2 मध्ये आम्हाला एक खोली मिळाली होती: एक टेबल, दोन खुर्च्या आणि टिक टिक करणारा पंखा.

प्रकल्पाचे दोन भाग होते. आधी विचारपूस, मग उपचार. पण उपचार तिथेच येणार होता जिथे विचारपुशीत गरज दिसेल. उपचार काय, ते मी कागदांत वाचलं: ज्या आवाजाने माणूस दचकतो तोच आवाज हळूहळू, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सहन करायला शिकवायचा. वाचून झाल्यावर मी फळीवरच्या कुकरकडे बघितलं. पगार मला हवाच होता, खोटं कशाला बोलू. पण हा उपचार भिलाईत यायला हवा होता तो बाबांसाठी.

विचारपूस म्हणजे वीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येकाचं उत्तर शून्य ते चार. शून्य म्हणजे त्रास अजिबात नाही, चार म्हणजे फार जास्त. मराठी फॉर्म कोणा विद्वानाने करून पाठवला होता. पहिलाच प्रश्न होता, 'अनाहूत क्लेशदायी स्मृतींची पुनरावृत्ती होते का?' तो मी काकांवर तपासून पाहिला. काका म्हणजे बाबांचे शेवटच्या वर्षांतले असिस्टंट, दुर्गचे. इंजिनात बाबांच्या शेजारची खुर्ची त्यांची. त्या दिवशीही तेच होते.

काकांनी प्रश्न दोनदा वाचला. "हे स्टेशन कोणत्या लाइनवर आहे, पोरी? आपली गाडी थांबते काय तिथं?"

मी फॉर्म नव्याने लिहिला. 'नको असताना ते आठवते काय?' प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या नॉर्वेच्या मॅडमनी कोणाकडून तरी तो परत इंग्रजीत करून घेतला, ताडून बघितला आणि कळवलं, उत्तम. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

मग लोक यायला लागले. काही कामावरचे, काही रिटायर. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.

"झोप लागते का?"

"एकदम फर्स्ट क्लास. शून्य लिहा."

"एकदम दचकायला होतं?"

"शून्य."

एकाच्या हातातला चहा बशीत सांडत होता आणि तो मला सांगत होता, "सगळं शून्य आहे मॅडम, मोजून घ्या." दुसरा पंख्याच्या प्रत्येक टिकटिकीला मान वळवायचा, त्याचंही शून्य. मी पहिला गठ्ठा पाठवला. नॉर्वेच्या मॅडमचं फार सभ्य पत्र आलं: भिलाईचे ड्रायव्हर म्हणजे त्यांनी पाहिलेली सगळ्यात शांत माणसं, अभिनंदन, पण एकदा बोलूया. व्हिडिओवर त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे काही घडतच नाही का?" आणि मग आणखी हळू सांगितलं, की महिनाभरात चित्र असंच राहिलं तर उपचाराचा भाग दुसऱ्या शहराला द्यावा लागेल.

घरी गेले तर बाबा दारातच. "काय निघालं?"

"सगळ्यांचं शून्य."

बाबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "शाब्बास! चरोद्याले जाऊन साऱ्याइले सांगून आलो होतो मी."

"काय सांगून आलात?"

"का माह्या पोरीचं इन्स्पेक्शन आहे. फॉरेनचे साहेब पाहून राहिले. एकबी गडबड निघाली नाही पाहिजे."

मी चप्पल न काढताच खाली बसले. इन्स्पेक्शन मी लहानपणापासून बघितलेलं. साहेब येणार म्हटलं की झाडांना चुना, दगडांना चुना, आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर, ऑल राइट सर. जितकी कमी खोट तितकं चांगलं. माझ्या भल्यासाठी अख्ख्या कॉलनीने आपल्या मनाला चुना लावून आणला होता.

"बाबा, मले गडबडच पाहिजे होती न!"

बाबा आईकडे वळले. "ऐकून राहिली काय वो? गडबड निघाली तं हिले पगार भेटते. अशी कोणती नोकरी असते?"

"मले माहीत असतं तं तुमच्या आईले लावून दिली असती," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दिवसाच्या चार गडबडी काढत होत्या माह्या."

मला हसायला आलं नाही. "आणि तुमचा हात, बाबा? त्याचं काय?"

"हाताले काय झालं?"

नेमकी तेव्हाच चरोद्याकडून वाऱ्यावर शिट्टी आली. टेबलावरचा ग्लास गेला. आईने फडकं टाकलं. ते तीन वर्षं टेबलाच्या पायालाच अडकवलेलं असायचं. बाबा ओल्या टेबलाकडे बघत राहिले.

"वात आहे," ते म्हणाले आणि उठून गेले.

पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येकाला समजावलं, की फॉर्मवर नाव नाही, हा कागद तुमच्या ऑफिसात जाणार नाही, खरं सांगा. लोक मान डोलवायचे आणि खरं म्हणून पुन्हा शून्य सांगायचे. फार तर एखादा, माझं मन राखायला, एक द्यायचा.

रविवारी बाबा आणि काका स्कूटरवर भाजी आणायला निघाले. मी मागून स्कूटीवर. चौकात सिग्नल लागला. मागे बसलेल्या काकांनी हात उंच करून हाळी दिली, "लाल!"

बाबा म्हणाले, "लाल!"

शेजारच्या ऑटोतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"हिरवा!"

"हिरवा!"

आम्हाला याची सवय आहे. इंजिनात नियमच असा, असिस्टंटने सिग्नल बघून मोठ्याने पुकारायचा आणि ड्रायव्हरने स्वतः बघून तो परत बोलायचा. दोन तोंडांनी म्हटल्याशिवाय सिग्नल खरा नाही. रिटायर झाले तरी दोघांचं सुटलं नाही. घरी काका ओरडतात, "दूध उतू!" बाबा म्हणतात, "उतू!" आणि दोघंही जागचे हलत नाहीत, दूध आईच धावून उतरवते.

मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या तरी मी सिग्नलवर उभीच होते. ज्या माणसांनी आयुष्यात एकही सिग्नल एकट्याने वाचला नाही, त्यांना मी एकेकटं खोलीत बसवून मनातला सिग्नल विचारत होते. हे माझ्या कुठल्याच डिग्रीत शिकवलं नव्हतं. पण डिग्रीशिवाय सुचलंही नसतं, हेही इथे नोंदवून ठेवते.

भाजी टेबलावर पडली, पोहे झाले. मी फॉर्म काकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही पुकारा. आधी तुमचं खरं, मग उस्ताद बोलतील." काका बाबांना उस्ताद म्हणतात.

काकांनी चष्मा लावला. मग हात वर केला.

"झोप! माही तीन!"

बाबांचं तोंड सवयीने उघडलं. "झोप..." आणि थांबलं. काकांनी आधी शून्यच दिलेलं त्यांना ठाऊक होतं. हे तीन नवीन होतं. ते काकांकडे बघायला लागले. "तुले झोप नाही लागत? बोलला नाही तू कधी."

"तुमी तरी कुठं बोलले, उस्ताद? सिग्नल बोला."

"...तीन."

"चिडचिड! शून्य!"

"गलत!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "चिडचिड चार! मंगळवारी भाजीवाल्यासंग भोपळ्यावरून कोण भांडलं? नीट पाहून पुकार न बे!"

"बरं बाप्पा, चार." काकांनी खोडलं. "तुमची?"

"माही दोन."

"दोन?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. फक्त एवढाच. बाबांनी तीन करून घेतले.

असं करत करत ते खालच्या प्रश्नांपर्यंत आले. काकांचा वर गेलेला हात थोडा खाली आला. आवाजही.

"आवाज. शिट्टीचा. माहे चार."

टेबलावर बाबांचा डावा हात होता. त्याच्यावर त्यांनी उजवा हात ठेवला.

"आवाज," बाबा म्हणाले. "चार."

आई येऊन उभी राहिली होती, हातात झारा. काका म्हणाले, "मी ओरडलो होतो न उस्ताद, माणूस म्हणून. वेळेवर ओरडलो होतो न?"

"वेळेवर ओरडला," बाबा म्हणाले. "मीबी वेळेवर बोललो. ब्रेकबी वेळेवर लागला." आणि त्यांनी नाक शिंकरलं. पोहे थंड झाले होते. दोघांनी ते तसेच खाल्ले आणि वर आणखी मागितले.

पुढची व्हिडिओ मीटिंग मी आयुष्यभर विसरणार नाही. तीन देशांसमोर मला सांगायचं होतं की भिलाईत मुलाखत जोडीने घ्यावी लागेल. नॉर्वेच्या मॅडमचा मुद्दा रास्त होता: एकाने बोललेलं दुसऱ्याने नुसतं परत बोललं तर उत्तर कोणाचं? मी चिडचिडीचा आणि भोपळ्याचा सगळा वृत्तांत सांगितला. परत बोलणं म्हणजे होला हो नाही. असिस्टंट चुकला तर ड्रायव्हरने तिथेच गलत म्हणायचं असतं. केनियाचे सर इतके हसले की त्यांचा कॅमेरा हलला. म्हणाले, आमच्या बसमध्येही ड्रायव्हर कंडक्टरशिवाय तोंड उघडत नाही, आम्हालाही जोडीने करू द्या. शेवटी ठरलं: आधी जोडीने बोलायचं, मग प्रत्येकाने एकट्याने फॉर्म भरायचा. कागदावर त्या पद्धतीला 'भिलाई पद्धत' असं नाव पडलं. माझं नाव नाही पडलं, पण चालेल.

जोड्या आल्या आणि शून्यं गेली. महिना संपायच्या आत उपचाराचा भाग भिलाईला मिळाला. एकच गोम निघाली. नियमाने माझ्या नातेवाइकाचा फॉर्म अभ्यासात धरता येत नव्हता. उपचार घ्यायला मुभा होती, मोजणीत जागा नव्हती.

"म्हणजे माहा चार कुठं गेला?" बाबांनी विचारलं.

"कुठंच नाही. फाइलीत नाही धरला."

"इतक्या मुश्किलीनं देल्ला आणि धरला नाही? आणि ह्या काकाचा धरला?"

"माहा नॉर्वेले गेला," काका म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

उपचार सुरू झाला. व्हिडिओवरून शिकून तयार झालेल्या समुपदेशक बाई सेक्टर 2 मध्ये बाबांसोबत बसायच्या. आत काय बोलणं व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. आधी शिट्टी नुसती कागदावर लिहायची, मग मोबाइलवर अगदी बारीक आवाजात ऐकायची. बऱ्याच आठवड्यांनी बाईंनी घरचा अभ्यास दिला: कुकर.

काका दुर्गहून खास त्यासाठी आले. आईने शिवणाच्या डब्यातून शिट्टी काढली, दोरे सोडवले, कुकर फळीवरून उतरवला, धुतला, तुरीची डाळ लावली. बाबा टेबलाशी बसले. समोर मुद्दाम पाण्याचा भरलेला ग्लास. आम्ही चौघं कुकरकडे बघत होतो, जसं काही त्यातून साहेब उतरणार आहेत.

वाफ फुसफुसली. काकांनी हात वर केला. "शिट्टी येऊन राहिली!"

"येऊन राहिली!" बाबा म्हणाले.

आली. हात गेला. ग्लास आडवा. आईने टेबलाच्या पायाचं फडकं ओढलं आणि ग्लास पुन्हा भरून ठेवला.

"शिट्टी!"

"शिट्टी!"

हात उचलला, ग्लासापर्यंत गेला आणि थांबला. पाणी हललं, सांडलं नाही.

तिसऱ्याला हात टेबलावरून वीतभरच वर आला. चौथ्याला काका पुकारायचं विसरले, बाबांनी एकट्यानेच म्हटलं. पाचव्याला हात फक्त दचकला, जसा कोणाचाही दचकेल. बाबांनी तोच ग्लास डाव्या हाताने उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

सहावी झाली तेव्हा जळल्याचा वास आला.

"अवो, गॅस!" आई ओरडली.

"गॅस!" काका म्हणाले.

"गॅस!" बाबा म्हणाले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतः उठून गॅस बंद करायला गेले.

वरणाचा खाली कोळसा आणि वर खीर झाली होती. बाबांनी ते दोनदा वाढून घेतलं. "पातेल्यातलं चांगलं लागत होतं," म्हणाले. आईने पळी खाली ठेवली आणि शिट्टी पुसून, सगळ्यांना दिसेल अशी, गॅसजवळच्या खिळ्याला अडकवली.