हातभराचा टोला

गोल्फमध्ये नवख्याला घाम फोडणारे टोले पुष्कळ. पहिला टोला सगळ्यांच्या देखत मारायचा असतो. स्टिक हवेत फिरते आणि चेंडू जागेवरच बसून आपल्याकडे बघत राहतो. वाळूच्या खड्ड्यातल्या टोल्यात चेंडू सोडून बाकी सगळं बाहेर येतं. पण मला विचाराल तर सगळ्यांत जीवघेणा टोला होलपासून हातभरावरचा. त्यानं माझा संसार दोन गावांत वाटला.

मी वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. आमच्या घराण्यात काठी धरली ती बैल हाकायला. पण आमचे साहेब दर रविवारी छावणीत गोल्फ खेळत, त्यामुळे बढतीच्या आशेवरच्या आम्हा सगळ्यांना एकाएकी या खेळाची गोडी लागली. आमच्यात एक रिवाज होता. साहेबांचा चेंडू होलजवळ आला, की आम्ही एका सुरात म्हणायचं, "दिला, साहेब!" म्हणजे तो टोला मारायची गरज नाही, गेला असंच धरलं. सुरुवातीला हातभरावरचा देत होतो. पुढं पुढं साहेबांना होल दिसला तरी देऊ लागलो. साहेब प्रसन्न मनानं चेंडू उचलून खिशात टाकत. तो होलमध्ये पडताना त्यांनी क्वचितच पाहिला असेल.

त्या वर्षी कंपनीचा नवा कारखाना दूर दक्षिणेत निघाला आणि तिकडं कुणाला धाडायचं ते साहेबांच्या हातात आलं. माझी बायको बजाजनगरात शाळेत शिकवायची, मुलगी पहिलीत होती. बायकोनं बजावलं, "गोल्फ खेळा नाय तर गोट्या खेळा, पण साहेबाला खूश ठेवा. मी इथली नोकरी सोडून कुठंच यायची नाय."

नेमकं तेव्हाच साहेबांनी मला सामन्यात जोडीदार म्हणून घेतलं. समोर छावणीतले एक निवृत्त कर्नल आणि त्यांचा जोडीदार. जोडीला एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीनं मारायचा. शेवटच्या होलवर त्यांचं खेळून झालं होतं, आणि माझ्या टोल्यानं आमचा चेंडू हातभरावर येऊन थांबला. आता पाळी साहेबांची. साहेब सवयीनं वाकून तो उचलायला गेले. मीही सवयीनं ओरडलो, "दिला, साहेब!"

कर्नल हसले. "अहो, आपल्याच जोडीदाराला काय देता? द्यायचा तर आम्ही. मारा साहेब, आराम से."

साहेबांनी मारला. चेंडू होलच्या काठाला वळसा घालून पलीकडं तितक्याच अंतरावर थांबला. कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. आता पाळी माझी. हा गेला तर अजूनही आम्ही एका टोल्यानं जिंकणार होतो.

मी मनात हिशेब मांडला. चेंडू घातला तर साहेबांना न जमलेलं मला जमलं, असं होणार. चुकवला तर दोघंही सारखेच नालायक ठरणार, आणि नोकरीत साहेबाइतकं नालायक असण्यासारखी सुरक्षित जागा दुसरी नाही. मी मनाशी ठरवून डावीकडं नेम धरला. पण ऐन वेळी हात असा कापला, की चेंडू सरळ जाऊन होलमध्ये पडला. कर्नलनी माझी पाठ थोपटली. साहेब चषक घेऊन गाडीत बसले.

सोमवारी साहेबांनी सगळ्या खात्यासमोर माझं कौतुक केलं. "दडपणाखाली ज्याचा हात कापत नाही, असाच माणूस आपल्याला नव्या कारखान्यात हवाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांची बदली टळली होती, ते सगळ्यांत जोरात वाजवत होते.

बायको बोलल्याप्रमाणं बजाजनगरातच राहिली. निघताना मला साहेबांचा राग येत होता, त्याहून जास्त त्या चेंडूचा, आणि मुलीकडं बघवत नव्हतं. बॅगा रिक्षात चढवताना शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "तुझे बाबा कुठं चालले गं?"

"बाबा खेळात जिंकले ना," ती म्हणाली, "म्हणून त्यांना लांब पाठवलंय."