सरांचं बाबेल

बायबलमधल्या भविष्यवाणीचं पान निघालं की सर त्यावर तळहात ठेवत. "घाई नको. हे आधी कुणाला सांगितलं, ते बघा."

शाळेत ते इतिहास शिकवत, मी गणित. निवृत्तीनंतर येरवड्यातल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी ते बायबलचा वर्ग घेत. बाबेलचं, म्हणजे प्राचीन बॅबिलोनचं, बलाढ्य राज्य कोसळेल, हे वचन आलं की त्यात आजचा एखादा देश बसवून बघायची लोकांना भारी हौस. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हिंजवडीत नोकरी करणारा एक जण एकदा म्हणाला, "सर, बाबेल म्हणजे अमेरिकाच ना?"

"का हो? व्हिसा नाकारला वाटतं?"

खोलीभर हशा पिकला. मग सर हळू आवाजात म्हणाले, "बाबेलने ज्यांची घरं जाळली, ज्यांना धरून नेलं, अशा लोकांना दिलेला धीर आहे हा. आपण चारचाकीतून उपासनेला येतो. आपण स्वतःला त्यांच्यात कसं धरायचं?"

पुढे चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. त्यांच्याबरोबर पडदा आला, पडद्यावर नकाशा आला. टीव्हीवर युद्ध दिसू लागलं तसा त्यांच्या उपदेशात दर रविवारी एकेका देशाचा नंबर लागू लागला. चर्चमध्ये उभं राहायला जागा उरेना. एका रविवारी पडद्यावर जळणारं शहर दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर उभे राहिले. "बाबेलमध्ये मोलकरणी होत्या, तान्ही मुलं होती. टाळ्या कशाच्या वाजवताय?"

त्याच आठवड्यात वर्गाची खोली गाण्याच्या सरावाला दिली गेली. "सर, लोकांना आजचं हवं असतं," कमिटीचे चिटणीस म्हणाले. हे चिटणीस सरांचेच विद्यार्थी. सर त्यांना एवढंच म्हणाले, "इतिहासात तुम्ही कच्चेच होतात."

वर्ग सरांच्या घरी भरू लागला. आधी खुर्च्या कमी पडत. मग हळूहळू मी एकटाच उरलो. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, चहा मात्र सगळ्यांना पुरेल एवढा टाकत राहिल्या.

मग सरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. पाळक प्रार्थनेला आले तेव्हा मी आणि बाई तिथेच होतो. सरांवर वाकून ते म्हणाले, "सर, आता तरी पटतंय ना?" सरांनी चांगला हात उचलला, घशातून काहीतरी आवाज काढला. पाळकांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा पलंगावर ठेवला.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. पाळक म्हणाले, "शेवटी सरांनाही आजचं बाबेल कोणतं राष्ट्र, ते दिसलं. बोलता येत नव्हतं, पण मी विचारलं तेव्हा ते हसले."

पहिल्या बाकावरून बाई उठल्या. "अहो, हसले नव्हते ते. तोंड वाकडं झालं होतं त्यांचं."

"दुःख मोठं आहे," पाळक मऊ आवाजात म्हणाले. "बसवा त्यांना."

दोघी जणींनी बाईंना खांद्याला धरून खाली बसवलं. "बाई खरं सांगताहेत," मी ओरडलो, पण तोवर पेटी वाजू लागली होती. गीतासाठी सगळे उभे राहिले, आणि त्या गर्दीत बसलेल्या बाई दिसेनाशा झाल्या.