आईला कळलं कसं नाही?

विष्णुपुरीला माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाई कानावर खडू ठेवून, मापं घेता घेता सतत बोलतात. गेले दोन महिने त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाइलवरच्या एका मालिकेबद्दल विचारत होत्या. त्यात एक शाळकरी मुलगी आपल्यासारख्याच दुसऱ्या जगात अडकते आणि तिथली हुबेहूब तिच्यासारखी मुलगी तिच्या घरी येऊन राहते.

इंजिनिअरिंगच्या मुलींनी शेवट बकवास ठरवला. एका शिक्षिकेला वाटलं, असल्या मालिकांनी पोरं बिघडतात. मला तो गुंता आवडला होता. बाईंचं मात्र कुणाच्याच मतानं समाधान होईना. "ते समदं ठीक हाय मॅडम, पण आईला कळलं कसं न्हाई?"

परवा गेले तर त्यांची मुलगी आलेली होती. बारावीच्या शिकवणीसाठी ती वर्षभर लातूरला राहते. ती कोपऱ्यात गप्प बसली होती. बाई हळूच म्हणाल्या, "पहिले लई बोलायची. आता धपाटे बी नको म्हणून राहिली."

मग त्यांनी ड्रेस शिवायचा म्हणून तिला उभं केलं. खांदा, बाही, कंबर मोजली, वहीतल्या जुन्या मापांशी ताडून पाहिली आणि पुन्हा मोजली.

"मम्मी, झालं का?" मुलगी म्हणाली.

"माप तर तेच हाय," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

त्यांना हायसं वाटलं की भीती, मला समजेना. मी म्हणाले, "बरं झालं की." पण त्यांनी मुलीच्या खांद्यावरचा हात काढला नाही.