भरती आणि नांगर

भाऊ जाऊन महिना झाला. चर्चमधल्या त्याच्या मिस्सेनंतर पाहुणे जेवून गेले आणि त्याची मुलगी स्वतःहून खोलीबाहेर आली. महिनाभर ती शाळेतून यायची आणि दार लावून घ्यायची; जेवण वहिनी आत नेऊन द्यायची. आता तिच्या हातात त्याने बनवलेले पत्ते होते.

"खेळायचं?" एवढंच ती म्हणाली.

तिचा मामा आणि मी लगेच सतरंजीवर बसलो. वहिनी ताटं पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून भावाने हा खेळ केला होता. आपापल्या होड्या पटावर एकेक घर पुढे सरकवत किनाऱ्यावरून बेटाला न्यायच्या. कुठला पत्ता काय करतो, ते त्याने त्यावरच लिहिलं होतं.

तिची होडी बेटाच्या एक घर अलीकडे आली, तेव्हा मामाने भरती टाकली: 'सगळ्या होड्या किनाऱ्याला परत.' तिने नांगर दाखवला: 'ही होडी कुणालाही हलवता येणार नाही.'

"बाय, समुद्राला तुझा नांगर काय माहीत?"

"मामा, 'कुणालाही' लिहिलंय."

"आणि इथे 'सगळ्या' लिहिलंय." मामा कामण गावच्या गोदामात कामाला आहे, लेखी असेल तेच मानतो. इथे दोन्हीही लेखी होतं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भावाशी सर्वांत जास्त डाव मी खेळलो होतो. तिचा चेहरा पाहून मी म्हणालो, "तुझे पप्पा म्हणायचे, नांगर जिंकतो."

"खोटं. नाताळात त्यांनी माझी नांगरलेली होडी परत पाठवली होती."

तिने हातातले पत्ते खाली ठेवले. मामाचं हसू गेलं. ती आता उठली असती, तर माझ्या शब्दावर पुन्हा बाहेर आली नसती. जो बोलू शकत नव्हता, त्याच्या तोंडी मी माझा निकाल घातला होता.

"खरं सांगतो," मी म्हणालो. "कधी भरती, कधी नांगर. जो पुढे असेल त्याच्याविरुद्ध तो निकाल द्यायचा. डाव लवकर संपू नये म्हणून."

"म्हणजे नियम नव्हताच?"

"नव्हता."

तिने दोन्ही पत्ते शेजारी शेजारी ठेवले. मग दप्तरातून पेन आणून तिने भरतीच्या पत्त्यावर, भावाच्या अक्षराखाली टेकवलं.

"त्यावर नको लिहू," वहिनी म्हणाली. आवाज कडक होता. त्या घरात त्याचं अक्षर आता वाढणार नव्हतं.

"मग दर वेळी कुणाला विचारायचं?"

मुलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'नांगर टाकलेल्यासुद्धा', आणि आपली होडी उचलून किनाऱ्याला आणली. वहिनी आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

डाव मामाने जिंकला. ती चिडली, त्याने पत्ते नीट पिसलेच नव्हते म्हणाली, आणि स्वतः पिसायला घेतले.