लिंबं फुटल्यावर

माझ्या वडिलांची, अप्पांची, जुनी जीप माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, घरामागच्या शेडमध्ये बरेच दिवस उघडून ठेवली होती. पापनाशम गावाच्या बाजूला आमचं शेत आहे. तिथल्या कालव्याच्या बांधावर चिखलात जीपचं पोट टेकायचं. अण्णाने दोन्ही अ‍ॅक्सल काढून मोडीतल्या एका मोठ्या गाडीचे बसवले आणि स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर घेतले. जीप वीतभर उंच झाली. नव्या अ‍ॅक्सलमुळे रुंदही झाली. बांध मात्र होता तेवढाच.

"चाकं मावतील?" मी फोनवर विचारलं.

"मावतात. तू चेन्नईत बसून बांध मोजू नको."

बांधावर जीप अप्पाच चालवतात. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.

आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की पूजा करून चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून नेतात. ती फुटली की काम संपलं. त्या दिवशी गाडीला पुन्हा जॅक लावायचा नाही आणि पहिली फेरी शेतावर न्यायची. बाकी रूढींबाबत अप्पा ढिले आहेत, याबाबत नाहीत.

पूजेसाठी मी घरी आले होते. सकाळी लिंबं फुटली. अप्पांनी फाटकातून बाहेर पडताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. मी उजव्या बाजूला उभी होते. पुढच्या चाकामागचा ब्रेकचा रबरी पाइप दोरीसारखा ताणला गेला होता. गाडी उंच झाली, पाइप जुन्याच लांबीचा राहिला. चाकं सरळ असताना तो सैल दिसायचा. आणि लिंबांवरून गाडी सरळच जाते.

बांध कालव्याच्या मोरीपाशी एकदम डावीकडे वळतो. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं, ब्रेकही दाबावा लागतो.

"अप्पा, थांबा."

"पूजा झालेली गाडी थांबवतात का?" ते थांबले, इंजिन चालूच ठेवलं.

अण्णा वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हळू गेलं तर चालेल."

"मोरीवरही?"

अण्णाने शेडमधल्या जॅककडे बघितलं.

"आज जॅक लावायचा नाही," अप्पा म्हणाले.

"मग उद्या जा," अम्मा पायरीवरून म्हणाली. "शेत काय पळून जातंय?"

"पहिली फेरी आजच."

त्यांनी गिअरवर हात ठेवला. मी बॉनेटसमोरून हलले नाही. अम्मा आत गेली आणि चार लिंबं घेऊन आली. ती दुपारच्या लिंबूभातासाठी आणलेली होती.

"काम करा आणि पुन्हा फोडा."

"एका दिवसात दोनदा पूजा?"

"एका दिवसात सातदा कॉफी चालते, तेव्हा नाही विचारत."

अप्पांनी इंजिन बंद केलं.

लांब पाइप बाजारातून आणेपर्यंत दुपार झाली. चाकं लोंबकळत ठेवून अण्णाने स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. मी पाइपवर बोट ठेवून बघितलं. ब्रेकमधली हवा काढली. दुसरी लिंबं फुटली.

मी अप्पांच्या डावीकडे बसले. बांधावर माझ्या बाजूला चाकाची कड दिसत होती आणि तिच्यापलीकडे पाणी. मोरीपाशी अप्पांनी स्टिअरिंग वळवलं आणि ब्रेक दाबला. जीप थांबली. त्यांनी पाय उचलला नाही.

"उतर. पाइप बघ."

माझ्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागून उतरले आणि उजव्या चाकाशी वाकले.

"सैल आहे."

"पुन्हा बघ," अप्पा म्हणाले.

मी पुन्हा बघितलं.