नावे अकारविल्हे

मला तिचा हेवा वाटतो, हे आधीच लिहून टाकते. मुद्दा वर घ्यावा आणि शेपूट खाली, हे बाबांनीच शिकवलंय.

बाबांनी नांदेडात आयुष्यभर पत्रकं लिहिली. रेशनच्या दुकानाची, कोरड्या नळाची, वसतिगृहातल्या निकृष्ट जेवणाची, जयंतीची. मजकूर सगळ्यांना पटायचा, पण खालच्या नावांपाशी आलं की बैठकीत भांडण ठरलेलं. याचं नाव माझ्या वर कसं? बाबांनी त्यावर तोडगा काढला. नावं क, ख, ग अशा क्रमानं लावायची आणि शेवटी कंसात दोन शब्द टाकायचे : नावे अकारविल्हे. "आता भांडायचं तर मुळाक्षरांशी भांडा," असं म्हणून ते कागद गुंडाळायचे.

गल्लीतली एक ताई माझ्यासोबत ती पत्रकं वाटायची. मी घड्या घालायचे, ती दारोदार द्यायची. पुढे ती डॉक्टर झाली आणि सर्पदंशावर संशोधन करू लागली. मी लातूरला एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात लागले आणि लिहीत राहिले. माझे लेख लोक वाचतात, एकमेकांना पाठवतात आणि आठवड्यात ते कुणाचे होते हे विसरून जातात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, पण मग मोजणीचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टरांच्या शोधनिबंधांचा संदर्भ इतर संशोधकांनी किती वेळा दिला, हे आम्ही मोजतो. त्याचा एक आकडा निघतो. दहा म्हणजे तुमचे दहा निबंध असे, की प्रत्येकाचा संदर्भ किमान दहा ठिकाणी आलाय. माणसाच्या कामाला असा भाव लावणं मला पटत नाही, हे मी वरिष्ठांना लेखी कळवलंय. ते हसले आणि पुढची फाईल दिली.

ती फाईल ताईची होती.

आमच्या कॉलेजात नवं संशोधन केंद्र होणार होतं आणि प्रमुखपदासाठी तिनं अर्ज केला होता. ते मिळालं नसतं तर देगलूरकडच्या गावांतलं तिचं काम थांबणार होतं. मी तिचं नाव घातलं आणि पडद्यावर सहकाऱ्यांचं जाळं उमटलं. मधल्या एका ठिपक्यातून रेघा सुटल्या होत्या, ब्राझील, श्रीलंका, केनिया. तिचं वाक्य नैरोबीत कुणी तरी नावानिशी उद्धृत करतं. माझं वाक्य भोकरला कुणी तरी स्वतःचं म्हणून सांगतो. आणि त्याच संध्याकाळी बाबा फोनवर म्हणाले, "तिचा तो नवा निबंध वाचला का? माझ्या हाताखाली तयार झालेली पोरगी हाय." मी कुणाच्या हाताखाली तयार झाले, ते विचारायचं राहून गेलं.

निवड समितीचा नियम असा होता, की उमेदवाराचं नाव पहिलं किंवा शेवटचं असेल तोच निबंध धरायचा. पहिला म्हणजे राबलेला, शेवटचा म्हणजे मार्गदर्शक, मधले सगळे हातभार लावणारे. ताईचे सगळ्यात गाजलेले निबंध त्या नियमात बसेनात. प्रत्येकात ती मधेच. आकडा धाडकन खाली आला. मी चहा मागवला, आणि तो नेहमीपेक्षा गोड लागला.

चहा पिता पिता सहज नावं वाचत गेले. गावातली आशा कार्यकर्ती, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, परिचारिका. तिनं सगळ्यांना लेखक केलं होतं. आडनावं क, ज, द, ब, म, श. दुसरा निबंध उघडला, तिथंही तसंच. कप खाली ठेवला आणि तिला फोन लावला.

"ताई, नावं कशी लावलीस गं?"

"काकांसारखी. का?"

"आणि कंसातली ओळ?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई गं. ती राहिलीच."

"सगळ्या निबंधांत?"

"इंग्रजीत कोण लिहितंय तसं! मला वाटलं, दिसंलच की."

"लई शहाणी हायेस. त्यांच्या मुळाक्षरांत क नंतर ज येतच न्हाई. त्यांना वाटून राहिलं, तू पाचव्या नंबरची मदतनीस हायेस."

"ड्रायव्हर मात्र दुसरा आला म्हणून लई खूश होता," असं म्हणून ती हसली, आणि मग आवाज उतरला. "अर्ज मागं घेऊ का?"

नियमाप्रमाणे निघालेला आकडा पाठवला असता तर मला कुणी बोललं नसतं. पण ती मोजणी खोटी होती, आणि हेवा वाटतो म्हणून खोट्या मोजणीखाली मी सही करणार नाही. प्रत्येक निबंधाच्या शेवटी कुणी काय काम केलं ते छापलेलं असतं. ते उतारे जोडले आणि अहवालाखाली टीप टाकली : नावे मराठी अकारविल्हे क्रमाने; स्थानावरून कामाचा वाटा ठरवू नये.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष असलेल्या मोठ्या सरांनी मलाच बोलावून घेतलं. "हा कसला अल्फाबेटिकल? के नंतर जे?"

"क नंतर ज, सर."

"आणि जे नंतर डी?"

"ज नंतर द."

सर बोटांवर मोजू लागले. च, छ, ज, झ... ञ पाशी अडकले. बाकीचे डॉक्टर पुढचं म्हणू लागले, ट, ठ, ड, ढ, ण, जणू पहिलीचा वर्ग भरलाय. द आला तशी मान हलली. नियम बाजूला ठेवून उतारे वाचले गेले, आणि केंद्र ताईला मिळालं.

पुढच्या रविवारी नांदेडला गेले. ताई येऊन गेली होती. तिनं पेढे ठेवले होते आणि अहवालाची प्रत बाबांना वाचायला दिली होती. बाबा चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत पोचले आणि टिपेवर बोट ठेवलं.

"बघ. एवढी मोठी झाली, पण ओळ विसरली न्हाई पोरगी."

अहवाल ग्रंथालयानं केला, हे पहिल्याच पानावर होतं. बाबांनी ते पान घाईत उलटलं असणार. ओळ कुणाची, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण पत्रक कुणी लिहिलं ते सांगायचं नसतं, हेही याच माणसानं शिकवलंय.

"हाव," मी म्हणाले.

"पेढा घे की."

"नको," म्हटलं. "गोड नको वाटून राहिलं."