कुरडयांचं हवामान

हवामान खात्याने वणव्याच्या धोक्याचा रेड फ्लॅग लावला की आमच्या टेकडीवरची माणसं गाडीत पेट्रोल भरायची, पासपोर्ट शोधायची, कुत्र्यांना पट्टे घालायची. भूलकाकू साबुदाणा भिजत घालायच्या.

"उद्या ह्युमिडिटी सिंगल डिजिट, वारा ईशान्येचा. पापड्या घालायच्या असतील त्यांनी चान्स सोडू नये," असा त्यांचा मेसेज सकाळीच आमच्या मराठी ग्रुपवर येऊन पडायचा. एकदा त्याच्या जरा वर कोणीतरी घाबरून विचारलं होतं, की वणवा इकडे वळलाच तर गाडीत आधी देव ठेवायचे की हार्ड डिस्क. काकूंनी त्यालाही उत्तर दिलं होतं. देव आपले आपण येतील, हार्ड डिस्क घे.

काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. लग्नानंतर नागपूरहून आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य सांता क्लाराजवळच्या हॉस्पिटलांत माणसांना झोपवण्यात घालवलं, म्हणून त्या भूलकाकू. "माझे पेशंट माझ्याशी कधी आर्ग्यू करत नसत," हे वाक्य त्या वाद घालणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. जागी माणसं त्यांना मुळातच थोडी आगाऊ वाटत. काका गेल्यावर त्या टेकडीच्या माथ्याजवळच्या घरात एकट्या राहायच्या, आणि मी त्यांच्या खाली दोन वळणांवर.

आपल्याकडे वाळवण चैत्र-वैशाखातलं. इथे उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं चढतं आणि कुरडया कापडाला चिकटून बसतात. खरी कोरडी हवा येते ती ऑक्टोबरात. वारा उलटा फिरतो, आतल्या डोंगरांकडून समुद्राकडे सुटतो, आणि गवताची काडी नुसतं बोट लावलं तरी मोडते. या वाऱ्याला इथल्या लोकांनी सैतानाचं नाव दिलंय. काकूंचं म्हणणं, असेना का सैतान, कामाचा आहे.

रोज सकाळी चहाबरोबर त्या हवामान खात्याचा अंदाज मोठ्याने वाचायच्या, काही लोक राशिभविष्य वाचतात तसा. मग डेकवर जुन्या साड्या अंथरायच्या, सोऱ्या काढायच्या आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालायच्या. वाऱ्याने साड्या उडू नयेत म्हणून कडेला काकांच्या गोल्फच्या काठ्या ठेवायच्या. "एवढा महागाचा सेट, शेवटी आत्ता कामी आला," असं त्या काकांच्या फोटोला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत. अशा दिवसांत तारांतून ठिणगी पडू नये म्हणून वीज कंपनी पुरवठाच बंद करते. सगळी टेकडी कंपनीला शिव्या घालायची आणि काकू म्हणायच्या, "सूर्य यांच्या ग्रिडवर नाहीये, मला काय त्याचं?" एकदा कुठल्याशा लांबच्या वणव्याची राख सगळ्या पापड्यांवर पडली. त्या त्यांनी 'स्मोक्ड' म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमात वाटल्या आणि लोकांनी आणखी मागून घेतल्या.

हसायला हे ठीक होतं. अवघड भाग असा, की काकू घर सोडायच्या नाहीत. वॉर्निंग आली की निघण्याची तयारी करायची आणि घर सोडायची ऑर्डर आली की निघायचं, एवढं इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. काकू वॉर्निंगला हिंग लावूनही विचारत नसत आणि ऑर्डर आली की चहा टाकत. दर वेळी त्यांना न्यायला शेरीफच्या ऑफिसातून कोणीतरी वर यायचं आणि काकू त्यालाही चहा विचारायच्या.

त्यांचा मुलगा निखिल ओहायोतल्या डब्लिनला असतो. त्याने शेवटी हात टेकले. "आई, धिस इज नॉट फनी. एकदा जरी पुन्हा असं झालं तर घर विकायचं आणि तू इकडे यायचंस," असं त्याने फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, मी समोर होते. काकू म्हणाल्या, "तुझ्याकडे सगळी घरं एका साच्यातली. मी चुकून शेजारच्यांकडे शिरले तर त्यांनाही महिनाभर कळायचं नाही." फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ रेलिंगला धरून उभ्या होत्या. हे घर त्यांनी आणि काकांनी मिळून बांधलं होतं. ते सुटणं त्यांना मरणाइतकं जड जाणार होतं आणि त्या ते कोणाला दाखवणार नव्हत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पलीकडच्या दरीत आग लागली. सकाळी वॉर्निंग आली तेव्हा मी फोन केला. "कुरडया अजून ओल्या आहेत," उत्तर मिळालं. दुपारी ऑर्डर आली. मी गाडी घेऊन वर गेले तर काकू शांतपणे कुरडया डब्यात भरत होत्या. धुराने सूर्य तांबडा झाला होता. मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. तेवढ्यात खाली उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेला बाजूला सारत शेरीफचा एक डेप्युटी वर आला. अगदी तरुण, निखिलपेक्षा लहान.

"मॅम, यू नीड टु लीव्ह राइट नाऊ."

"येस, येस. होल्ड दिस," म्हणत काकूंनी साडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. आणि त्याने ते धरलं. बहुतेक त्यालाही वाटलं असावं, की वाद घालण्यापेक्षा हे लवकर उरकेल. साडीची घडी झाली, डबे गाडीत गेले, काकू माझ्या शेजारी बसल्या. आम्हाला खाली धाडून तो वरचं शेवटचं घर बघायला गेला.

आम्ही खाली दुकानांच्या पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा कळलं, की आमच्या मागोमाग रस्त्यावर निलगिरीचं झाड पडलं आणि डेप्युटीची गाडी वर अडकली. आग रस्त्यापर्यंत आली होती. काकू टेकडीच्या रस्त्याकडे तोंड करून फुटपाथच्या कडेला बसल्या. अंधार पडायच्या सुमारास तो उतारावरून चालत आला. तोंड काळं, डोळे लाल, कोपर सोललेलं. काकू उठून त्याच्याजवळ गेल्या आणि सवयीने त्याचं मनगट धरून नाडी बघू लागल्या. तो खोकत म्हणाला, "यू ऑलराइट, मॅम?"

घराला काही झालं नाही. वारा फिरला, आग दुसऱ्या अंगाने गेली, डेकवरच्या गोल्फच्या काठ्यासुद्धा जागच्या हलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता काकू निखिलला फोन करून छातीठोकपणे सांगतील, बघ, म्हटलं नव्हतं? त्यांनी घर विकायला काढलं.

निखिल हादरला. त्याने धमकी दिली होती, ती खरी होईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी विचारलं, "काकू, घर तर वाचलं. मग का?"

त्या मिक्सर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "सगळे खाली येत होते तेव्हा तो एकटा वर जात होता. कुणासाठी? माझ्या कुरडयांसाठी. त्यात वेळ गेला नसता तर झाड पडायच्या आत तो खाली आला असता. माझ्या हाताखाली टेबलावर एकही पेशंट गेला नाही. आता रिटायर झाल्यावर सुरुवात करू का?" आणि मग त्या रडल्या. मी त्यांना धरून बसले, मीही रडले.

आता त्या डब्लिनला असतात. तिथल्या दमट हवेच्या नावाने बोटं मोडतात. निखिलने वाळवणाचं इलेक्ट्रिक यंत्र आणून दिलंय, त्याबद्दल त्यांचं मत असं, की मशीनमध्ये वाळलेली कुरडई म्हणजे आयसीयूतला पेशंट, जिवंत आहे एवढंच. फोनवर हसून हसून माझं पोट दुखतं. फोन ठेवल्यावर करमत नाही.

या ऑक्टोबरात पुन्हा रेड फ्लॅग लागला. सकाळी वॉर्निंग आली, ऑर्डर आली नव्हती, शेजारी अजून कॉफी पीत होते. नवरा म्हणाला, "थांब ना यार, एवढी काय घाई?" मी गाडी बाहेर काढली आणि मेलबॉक्सला पांढरं फडकं बांधलं. घरात कोणी नाही, शेरीफच्या माणसाने वर यायची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.